पोर कुणाच्या हाती?

डोंबिवली (पूर्व)

चि. निनाद,

राज्यं फुटतात कशी यावरच्या तुझ्या भाषणाचा खर्डा वाचला. मेहनत दिसते, भाषाही बरी आहे. पण बोलायचंय ठाण्यात आणि अर्धा वेळ तू बॅबिलोनमध्येच मुक्काम ठोकलायस. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये तिथे मेला, त्याचे सरदार पुढची चाळीसेक वर्षं एकमेकांशी लढत राहिले, हे सगळं बरोबर. मग अगदी शेवटी ‘आपल्याकडचे शिंदे-होळकर-गायकवाडही असेच’ म्हणून मोकळा होतोस, ते मला पटलं नाही. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले तेव्हा साताऱ्याला गादी होती, पुण्यात पेशवा होता, आणि या सरदारांचे मुलूख महाराजांच्या हयातीतच आकाराला आले होते. त्या वाक्याला टाळी मिळेल, पण श्रोत्यांतून एखादा जाणता उठला तर तुझी पंचाईत होईल.

खरा जुळणारा प्रसंग आपल्या जिल्ह्यातला आहे. कसारा लोकलने आसनगावपर्यंत गेलास की सुळक्यांची एक रांग दिसते. भटोबा, नवरा, नवरी अशी नावं लोकांनी त्यांना दिली आहेत. तो माहुली. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन भाग मिळून झालेला हा किल्ला. तू तिथे पावसाळी सहलीला गेला होतास, फोटोही पाठवले होतेस. १६३६ मध्ये निजामशाहीची अखेर याच किल्ल्यावर झाली, हे तुझ्या खर्ड्यात कुठेच नाही.

गोष्ट मागून धर. निजामशाहीचा मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. राजा तो नव्हता, पण राज्य त्याच्याच हिमतीवर उभं होतं. तीन वर्षांत मातब्बर सरदार लखुजी जाधवरावांचा दौलताबादच्या दरबारात खून झाला, आणि कोण कुणाच्या बाजूचा याचा भरवसा उरला नाही. अंबराचाच मुलगा फत्तेखान, त्याने निजामशहाला संपवलं आणि हुसेन नावाचं पोर गादीवर बसवलं. १६३३ मध्ये मोगलांच्या महाबतखानाने दौलताबाद घेतलं. पोराची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली, फत्तेखानाला मोगलांनी तनखा बांधून दिला. इथे कोणीही ‘निजामशाही संपली’ असंच म्हणालं असतं. पण शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही घराण्यातलं दुसरं पोर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं कारभार केला.

मला सांगायचं आहे ते इथेच. राज्य फुटतं तेव्हा ‘खरा वारस कोण’ हा प्रश्न घेऊन बसू नकोस, त्याचं उत्तर कागदावर मिळतं आणि तिथेच राहतं. गादीच्या घराण्यातलं पोर कुणाच्या ताब्यात आहे आणि आजूबाजूचे किल्ले कुणाच्या, एवढंच तपासत जा. आपल्याकडे भाऊ आपापलं शेत वेगळं कसतात, पण सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव ठेवतात. ते नाव असेपर्यंत कोणी कोणाला चोर म्हणू शकत नाही. पोराचा उपयोग तेवढाच. बहमनी राज्याचंही हेच झालं. त्यांचा सरदार मलिक अहमद याने १४९० मध्ये जुन्नरकडे सवता सुभा मांडला, पण बिदरचा बहमनी सुलतान महमूदशहा १५१८ पर्यंत गादीवर होता आणि त्याच्या नावावर बरीद मंडळी राज्य चालवत होती. त्यातून निघालेल्या पाच शाह्यांचा पाच रंगांचा नकाशा पाठ्यपुस्तकात छान दिसतो, पण त्या पाच काही एका दिवसात उगवल्या नव्हत्या.

आता याच डोळ्यांनी तुझ्या सिकंदराकडे बघ. त्याचं मूल त्याच्या मरणानंतर जन्मलं आणि सावत्र भाऊ अर्‍हिडियस राज्य चालवण्याजोगा नव्हता. सरदारांनी दोघांनाही राजा म्हटलं आणि सुभे आपसांत वाटून घेतले. त्यांच्यापैकी टॉलेमीने तर सिकंदराचं शवच वाटेतून इजिप्तला वळवलं. तू याला ‘विलक्षण कृत्य’ म्हणतोस, मला तो शुद्ध हिशोब वाटतो. पोर दुसऱ्याकडे असेल तर निदान शव तरी आपल्याकडे हवं. ते मूल कॅसँडर नावाच्या सरदाराने इ.स.पू. ३१० च्या सुमारास मारवलं, आणि त्यानंतर काही वर्षांनीच, ३०६ पासून, हे सरदार स्वतःला राजे म्हणवू लागले. हा क्रम तुझ्या खर्ड्यात आहे, पण दोन वेगळ्या परिच्छेदांत. शेजारी आण. त्यांच्यातल्याच सेल्युकसने चंद्रगुप्ताकडून पाचशे हत्ती घेतले आणि इप्ससच्या लढाईत उतरवले, तो भाग ठेव, श्रोत्यांना हत्ती आवडतात.

परत माहुलीला ये. १६३६ च्या मे महिन्यात शहाजहान आणि विजापूरकरांचा तह झाला. निजामशाहीतले पन्नास परगणे विजापूरला मिळाले, वर्षाचा वसूल वीस लाख होन. बदल्यात विजापूरने मोगलांचं वर्चस्व मान्य करायचं आणि वीस लाख रुपये द्यायचे. आणखी एक कलम होतं, ते सभेत सावकाश सांग. शहाजीराजांनी जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना दिल्याशिवाय विजापूरने त्यांना चाकरीत घ्यायचं नाही. दोन बादशहांच्या तहात एका सरदाराचं नाव घालावं लागलं, यावरूनच त्याचं वजन कळतं.

राजांनी चौलच्या पोर्तुगीजांकडेही आसरा मागून पाहिला, तिथे दार बंद. मग माहुली. खाली मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान, आणि वर गडावर ते पोर. शेवटी पोर मोगलांच्या हवाली झालं, किल्ले दिले गेले, आणि राजे आदिलशाहीत गेले.

इथे दोन मोह आवर. एक, शहाजीराजांना पक्षबदलू ठरवण्याचा. १६३० मध्ये ते मोगलांकडे गेले होते खरे, पण शहाजहानने त्यांना दिलेली जहागीर काढून फत्तेखानाला दिली, म्हणून १६३२ मध्ये ते बाहेर पडले. त्या काळातल्या सरदाराने याहून वेगळं काय करायला हवं होतं, ते टीका करणाऱ्याने सांगावं. दुसरा मोह उलटा, पेमगिरीवरच स्वराज्याचं बीज पडलं असं म्हणण्याचा. राजांनी निजामशाही घराण्यातलं पोर बसवलं, स्वतःच्या घरातलं नव्हे. कुणाच्या तरी नावाशिवाय मुलूख धरता येत नाही हे त्यांना माहीत होतं, एवढंच पुराव्यावर म्हणता येतं. वडलांची ही अडचण मुलाने पुढे १६७४ मध्ये रायगडावर कशी सोडवली, ते वेगळं भाषण आहे, या भाषणात घुसडू नकोस.

श्रोते ठाण्याचे, तेव्हा त्यांना हेही सांग की त्यांचं शहर निजामशाहीच्या या वाटणीत नव्हतंच. साष्टी १५३४ पासून पोर्तुगीजांची होती. खाडीच्या अलीकडचं कल्याण-भिवंडी मात्र विजापूरच्या वाट्याला आलं, आणि एकवीस वर्षं टिकलं. विजापूरचा मोहम्मद आदिलशहा १६५६ च्या नोव्हेंबरात वारला आणि वर्ष भरायच्या आत, २४ ऑक्टोबर १६५७ ला, शिवाजी महाराजांनी दोन्ही ठाणी घेतली. पाठोपाठ माहुलीही. त्याच वर्षी औरंगजेबाने बिदरबरोबर ‘कल्याणी’ घेतल्याचं वाचशील, ते बसवकल्याण, आपलं कल्याण नव्हे. चांगल्या चांगल्यांनी इथे घोटाळा केला आहे.

तेव्हा सुरुवात आसनगावपासून कर. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात एक दिवस बस, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर तुझ्या घराजवळच आहे. इंटरनेटवरून उचललेल्या सनावळ्यांपैकी निम्म्या तिथे तपासून निघतील. रंगीत नकाशा पडद्यावर अगदी शेवटी दाखव. आधी दाखवलास तर लोक त्याकडेच बघत बसतील आणि तुझं कोणी ऐकणार नाही. तीस मिनिटं दिली असतील तर पंचविसाव्या मिनिटाला थांब, प्रश्न येतीलच.

तुझी,
मावशी