रानपिंगळ्याचा शोध

पूर्वी लातूर-नांदेडकडील खेड्यांत भल्या पहाटे पिंगळा येत असे. हातात कंदील घेऊन तो दारोदार फिरे आणि घरच्या माणसांचे भविष्य सांगे. झाडावरच्या पिंगळा पक्ष्याची भाषा आपणांस समजते, असे तो म्हणत असे. तो पिंगळा पक्षी आपल्या गावात आजही आहे. जुन्या चिंचेच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात राहणारे, अंगावर पांढरे ठिपके असलेले ते एक लहानसे घुबड होय.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद रानात राहतो. त्याला रानपिंगळा म्हणतात. त्याचे डोके व चोच मोठी असून माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात. इतर घुबडे दिवसा लपून बसतात. रानपिंगळा मात्र दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून सरडे, सापसुरळ्या व उंदीर टिपतो. सागाच्या पानझडी रानात, जुन्या झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो.

इ. स. १८७३ मध्ये अॅलन ह्यूम यांनी या पक्ष्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढे ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे ह्यूम. त्या काळी पक्षी मारून, त्यांच्या कातड्यात कापूस भरून संग्रहालयात ठेवीत. प्रत्येक नमुन्यास एक चिठ्ठी बांधीत. पक्षी कोठे, केव्हा व कोणास मिळाला, हे तीवर लिहिलेले असे. रानपिंगळ्याचे असे मोजकेच नमुने मिळाले. त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळविले होते. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कोणाच्याही दृष्टीस पडेना.

अपवाद एकाच नमुन्याचा. त्याच्या चिठ्ठीवर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ असे लिहिले होते. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयास दिला होता. या चिठ्ठीवर विश्वास ठेवून जाणकारांनी पक्षी शोधला. पण तो सापडला नाही. रानपिंगळा बहुधा नामशेष झाला, असे लोक म्हणू लागले.

पुढे पामेला रासमुसेन या विदुषीने त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. कातडे कसे शिवले आहे, आत काय भरले आहे, हे पाहता पाहता सारा प्रकार उघडकीस आला. तो पक्षी १९१४ चा नव्हताच! डेव्हिडसनने मिळविलेला जुना नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्यास खोटी चिठ्ठी बांधलेली होती. एका माणसाच्या खोटेपणामुळे शोध भलत्याच जागी चालला होता.

मग रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरील जागा धरून शोध सुरू केला. पूर्वेकडील जुन्या जागी काही आढळले नाही. नंतर ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या रानात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी एका उघड्या फांदीवर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी त्याची पुन्हा भेट झाली होती!

त्यानंतर तो मेळघाट, यावल व तानसा येथील अरण्यांतही आढळला. जगातील प्राण्यांच्या सुरक्षिततेची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत तो आधी ‘अतिसंकटग्रस्त’ होता. २०१८ पासून तो ‘संकटग्रस्त’ गणला जातो. नव्या जागी तो सापडला, म्हणून हा पालट झाला. याचा अर्थ त्याचे संकट टळले असा नव्हे. त्याचे प्रौढ पक्षी हजाराहूनही कमी असावेत, असा अंदाज आहे. वृक्षतोड, वणवे आणि रानात होणारी अतिक्रमणे यांमुळे त्याचे घर लहान होत चालले आहे. घुबड अशुभ, या खुळ्या समजुतीपायीही काही पक्ष्यांचा जीव जातो. हा पक्षी भारताबाहेर कोठेही नाही. येथून गेला, तर तो जगातूनच गेला.

मुलांनो, आपल्या किनवट-माहूरच्या डोंगरांतही सागाचे रान आहे. तेथे तुम्ही कधी गेलात, तर एक वही जवळ ठेवा. जो पक्षी दिसेल त्याची जागा, दिवस व वेळ लिहा. जे दिसले तेवढेच लिहा. न दिसलेले लिहू नका. एका खोट्या चिठ्ठीने रानपिंगळा दृष्टीआड केला आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो परत मिळवून दिला, हे विसरू नका.

शब्दार्थ : ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी. नामशेष – केवळ नाव उरलेला. विदुषी – विद्वान स्त्री. पालट – बदल.

स्वाध्याय
१. गावातील पिंगळा व रानपिंगळा यांत कोणते फरक आहेत?
२. खोट्या चिठ्ठीमुळे कोणते नुकसान झाले?
३. लाल यादीत रानपिंगळ्याचे स्थान का बदलले? त्याचे संकट टळले, असे का म्हणता येत नाही?
४. घराजवळ दिसणाऱ्या एका पक्ष्याची सात दिवसांची नोंद वहीत करा.