चावी हरवली, लॉक चाकातच

सायकलची चावी हरवली की घरातलं कुणीतरी हातोडा शोधायला लागतं. त्याला आधी थांबवा. मागच्या चाकाचं लॉक स्वस्तात मिळतं. पण एक घाव चुकून रिमवर बसला तर चाक आउट होतं, दोन स्पोक तुटतात, आणि ते नीट करून घ्यायला लॉकपेक्षा जास्त पैसे जातात. लॉक गेलं तरी चालेल, चाक वाचलं पाहिजे, एवढं ठरवून कामाला लागा.

शोधाशोध घरापासून नको, सायकलपासून सुरू करा. चाकाच्या बऱ्याच लॉकमध्ये लॉक उघडं असेपर्यंत चावी बाहेर निघतच नाही. म्हणजे चावी हरवली ती लॉक लावल्यानंतर. सायकल उभी केली ती जागा, मग दुकानाचा काउंटर, भाजीची पिशवी, दप्तराचा बाहेरचा कप्पा, याच क्रमाने बघत चला. नव्या लॉकबरोबर बहुधा दोन चाव्या येतात. दुसरी सायकलच्या बिलाबरोबर पाकिटात नाहीतर देव्हाऱ्याच्या खणात पडलेली असते. बिल सापडलं तर जवळच ठेवा, पुढे लागणार आहे.

चावी सापडलीच नाही तर पुढचा प्रश्न जागेचा. पडेगाव छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेला, दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर. या रस्त्याला रहदारी भरपूर, ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या सारख्या चालू. त्यामुळे रस्त्याच्या कडेला, तेही अंधार पडताना, लॉकशी झटापट करू नका. चाकाचं लॉक फक्त मागचं चाक अडवतं. कॅरिअर धरून मागची बाजू उचला आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत न्या. दुसऱ्या माणसाने हँडल धरलं की सोपं जातं. मागचं चाक फरफटत नेऊ नका, टायर एकाच जागी घासून जातं. शरणापूर किंवा दौलताबाद किल्ल्यापाशी अडकला असाल तर सरळ लोडिंग रिक्षा बघा. सायकल केबल लॉकने खांबाला बांधलेली असेल तर मात्र माणूसच तिथे आणावा लागतो.

माणूस म्हणजे चावीवाला. पडेगावात सापडला नाही तर छावणीच्या बाजारात, नाहीतर शहागंज-गुलमंडीकडे चौकशी करा. मराठवाड्यात या धंद्यात शिकलगार शीख कारागीर बरेच आहेत. पूर्वी त्यांच्या घराण्यांत शस्त्रं घडवण्याचं काम चाले. चावी नसताना चावी कशी करतात, हे उभं राहून बघण्यासारखं असतं. लॉकच्या भोकात बसेल अशी कोरी चावी तो निवडतो आणि ज्योतीवर धरून तिला काजळी चढवतो. मग ती आत घालून हलक्या हाताने दोन्हीकडे पिळतो आणि बाहेर काढून उजेडात धरतो. आतल्या पत्र्या जिथे घासल्या तिथे काजळी जाऊन बारीक खुणा उमटलेल्या असतात. तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कानस एकदा जरी जास्त चालली तरी ती चावी बाद, म्हणून त्याला घाई करायला लावू नका. पैसे मात्र आधी ठरवून घ्या आणि लगेहात दुसरी चावीही करून घ्या. बिल किंवा सायकलचा जुना फोटो तो मागेल. मागितला तर राग नको. न विचारता कुणाचंही लॉक उघडून देणाऱ्यापेक्षा हा बरा. बिल नसेल तर फ्रेमवरचा नंबर उपयोगी पडतो. तो पेडलच्या मधल्या नळकांड्याखाली नाहीतर सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो.

चावीवाल्याचंही चाललं नाही तरच कापायचं. लॉक फ्रेमला ज्या स्क्रूंनी बसवलेलं असतं ते काढून सुटका होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. लॉक फ्रेमवरून सुटतं, पण कडी रिम आणि टायरभोवती तशीच अडकून राहते. उलट लॉक सैल झालं की करवत चालवताना हलतं, म्हणून स्क्रू जागेवरच असू द्या.

कडीवर आधी कानस घासून बघा. कानशीने ओरखडा पडला तर लोखंड मऊ आहे, साध्या हेक्सॉने कापता येईल. कानस नुसती घसरली तर कडीला पाणी दिलेलं आहे. तिथे हेक्सॉचे दात जातील, कडी तशीच राहील. ब्लेड लावताना दात पुढच्या दिशेला ठेवा, कारण हेक्सॉ ढकलताना कापतो, ओढताना नाही. टायर आणि कडीच्या मध्ये पत्र्याचा तुकडा सरकवा, कापाच्या जागी तेलाचे दोन थेंब सोडा आणि पूर्ण ब्लेड वापरत सावकाश चालवा. मऊ कडी एका कापानंतर पकडीने वाकवता येते. पाणी दिलेली कडी वाकत नाही. तिला दोन काप देऊन मधला तुकडाच काढावा लागतो.

पाणी दिलेली कडी कापणं हे ग्राइंडरचं काम. ग्राइंडर हाताळायची सवय नसेल तर फॅब्रिकेशनच्या दुकानात सायकल न्या, कारागीर ते चुटकीसरशी करतो. तरी तिथे उभे राहा आणि दोन गोष्टींचा आग्रह धरा: टायर आणि स्पोकवर ओलं पोतं, आणि कारागिराच्या डोळ्यांवर चष्मा. ठिणग्यांनी टायर भाजतं, ट्यूबला भोक पडलं तर ते घरी आल्यावर कळतं. शेजारी मोटारसायकलची पेट्रोलची टाकी उघडी असेल तर आधी ती बाजूला करायला सांगा. कापल्या कापल्या कडीला हात लावू नका, चटका बसतो.

केबल लॉकचं प्लास्टिक ब्लेडने सोलून घ्या, म्हणजे आतली तार दिसते. ती बारीक दातांच्या हेक्सॉने किंवा चांगल्या केबल कटरने कापली जाते. घरची पक्कड तिथे कुचकामी, तारा नुसत्या पिंजल्या जातात आणि बोटात घुसतात.

नंबरचं लॉक असेल तर कापायची गरजच नाही. तीन आकडी लॉकचे एकूण 1000 नंबर होतात. एकाला दोन सेकंद धरले तरी साधारण अर्ध्या तासात सगळे बघून होतात. चौथा आकडा असेल तर 10,000. तेव्हा आधी तुमच्या नेहमीच्या नंबरच्या एक-दोन घर मागेपुढे फिरवून बघा. अनेकदा खिशात किंवा पोरांच्या हातात लॉकचं एखादं आकड्याचं चाकच सरकून बसलेलं असतं.

सुटका झाली की मागचं चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकला एका बाजूने घासते का, स्पोक सैल झालेत का, टायरवर काळा डाग आहे का, एवढं बघून मगच सायकलवर बसा. नवं लॉक आणलं की चावीवर नंबर आहे का बघा आणि असेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुसरी चावी लगेच वेगळ्या ठिकाणी ठेवा, पहिलीच्याच रिंगमध्ये नको. आणि हरवलेल्या चावीच्या जुडग्यावर घराचा पत्ता किंवा फोन नंबर लिहिलेला होता का, ते आठवून बघा. असेल तर घराचंही कुलूप बदला.