कमिशन आटलं म्हणून स्वतःला बोल लावू नकोस

काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं गं. लोक तुझ्या लिंका उघडतायत, कुकर-कढया घेतायत, आणि कमिशन मात्र आटत चाललंय. खरं सांगू का, माझंही असंच झालं होतं. चूक माझ्या लिहिण्यातच आहे असं धरून मी तीन महिने फोटो आणि मथळे बदलत बसले. तू तसं करू नकोस.

आधी पैसा कुठे जातो ते बघ. वाचक तुझ्या लिंकवरून ऑनलाइन दुकानात गेली की तिच्या ब्राउझरमध्ये तुझ्या नावाची कुकी, म्हणजे छोटीशी खूण, बसते. बहुतेक ठिकाणी हिशेब एकच: शेवटचा क्लिक ज्याचा, कमिशन त्याचं. ऐन पैसे भरताना तिच्या ब्राउझरमधलं कॅशबॅकचं एक्स्टेन्शन विचारतं, "कूपन शोधू का?" ती हो म्हणते, आणि तुझ्या कुकीच्या जागी त्याची बसते. कढई निवडून दिलीस तू, आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या त्याने. तिला मिळणारा कॅशबॅकही त्याच कमिशनमधला वाटा असतो.

तू एकटी नाहीस बघ. पेपालने सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतलेल्या 'हनी' या अशाच एक्स्टेन्शनवर डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग या यूट्यूबरने आरोप केला, की कूपन सापडलं नाही तरी ते कमिशन स्वतःकडे वळवतं. अमेरिकेत यूट्यूबर पेपालविरुद्ध कोर्टात गेले. शेवटच्या क्लिकची पद्धत धंद्यात सर्वमान्यच आहे, असं पेपालचं म्हणणं. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमचा नियम कडक केला: ग्राहकाचा प्रत्यक्ष फायदा नसेल, तर एक्स्टेन्शनने आपला कोड घुसवायचा नाही. पण खरी सवलत दिली तर मुभा आहेच, म्हणून त्या नियमावर विसंबून राहू नकोस.

तुझ्या हातात काय आहे ते सांगते. दुकानाकडे स्वतःच्या नावाचं कूपन माग, म्हणजे कमिशन क्लिकवर नाही, कूपनवर मोजलं जाईल. तुला लिंका देणाऱ्या नेटवर्कला 'स्टँड-डाउन'चं विचार. ग्राहक दुसऱ्याच्या लिंकवरून आली असेल तर एक्स्टेन्शनने गप्प बसायचं, असा तो नियम. आणि वाचकांना सरळ सांग, "माझ्या लिंकवरून घेताना एक्स्टेन्शन बंद ठेवाल का?" यात लाजायचं काही नाही, कष्टाचेच पैसे मागतेयस. ज्यांना कॅशबॅक हवाय त्यांच्यावर मात्र रागावू नकोस, त्यांनाही घर चालवायचंय.

आज एवढंच कर: सहा महिन्यांचे क्लिक आणि तुझ्या नावावर जमा झालेल्या ऑर्डरी वहीत शेजारी शेजारी लिही. क्लिक तेवढेच आणि ऑर्डरी कमी दिसल्या, तर तो कागद घेऊनच दुकानाशी बोल. घरखर्चाचा हिशेब चोख ठेवतेस, हाही जमेल गं.