पाय दाबला की गाडी का अडखळते?

प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्याच्या वाट्याला एक तक्रार कधी ना कधी येतेच. उभ्या गाडीचं आयडलिंग सुरेख असतं, सपाट रस्त्यावर पन्नास-साठला ती मुकाट चालते. पण कात्रजच्या चढावर ट्रकला मागे टाकायला पाय दाबावा, तर इंजिन दम खातं, एक झटका देतं आणि मग भानावर येतं. १०८९ सीसीच्या या इंजिनाकडे ताकद मुळात बेताची. नेमक्या वेळी तीही मिळाली नाही, तर समोरून येणारी एसटी फार जवळ दिसू लागते. अशा वेळी सगळे कार्बोरेटरकडे बोट दाखवतात. पण दोष दर वेळी त्याचाच असतो असं नाही. ही गाडी चालवता-खोलता जे कळलं, ते इथे मांडतो.

१. आधी ‘कधी’ ते ठरवा.
आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, “साहेब, गाडी कधी अडते तेवढं सांगा, काय बिघडलंय ते मी बघतो.” पाय दाबताक्षणी पोकळी जाणवून पुढे गाडी उचलत असेल, तर एक्सलरेटर पंप किंवा टायमिंग बघावं. सुरुवातीला नीट ओढून काही सेकंदांनी ती ढेपाळत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. ओढताना मध्येमध्ये फटफट झटके येत असतील, तर बहुधा करंटची भानगड असते.

२. करंट आधी, कार्बोरेटर नंतर.
पाय पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं आणि दाब वाढतो. वाढलेल्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून दमलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आयडलिंगला काम भागवून नेतो आणि चढावर उघडा पडतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप फीलर गेजने मोजा. पद्मिनीला तो साधारण ०.४५ मिमी लागतो. पॉइंट नवे असूनही लवकर जळत असतील, तर कंडेन्सर बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे नुसतं बघावं, हात लावू नये. प्लगच्या वायरी किंवा कॅपभोवती निळसर ठिणग्या नाचत असतील, तर करंट कुठे गळतोय ते तिथेच कळतं.

३. डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली बारीक वायर विसरू नका.
पॉइंटपासून बाहेरच्या टोकापर्यंत बोटभर लांबीची मऊ वायर असते. वरचं आवरण शाबूत आणि आतली तांब्याची तार तुटलेली, असा प्रकार मी पाहिला आहे. गाडी उभी असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात, हादरा बसला की सुटतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मीटर लावून वायर हलक्या हाताने वाकवली की काटा उड्या मारतो.

४. टायमिंग पुढे सरकतंय का, ते पाहा.
वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली स्प्रिंग लावलेली वजनं करतात. इंजिन बंद असताना रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने किंचित पिळून सोडा. तो लगेच मागे आला पाहिजे. अडकला, तर वजनं गंजलीत किंवा आतलं ग्रीस वाळलंय. व्हॅक्यूम अॅडव्हान्स असलेल्या गाड्यांत त्याचा डायफ्रॅम फाटला आहे का, हेही बघावं.

५. एक्सलरेटर पंपाची परीक्षा सोपी आहे.
थ्रॉटल एकदम उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्याने मागे राहतं. ती उणीव भरून काढायला पंप एक पिचकारी मारतो. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टर काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या नळीत पाहा आणि थ्रॉटल हाताने उघडा. लीव्हर हलताक्षणी पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक, सरळ धार दिसली पाहिजे. थेंब गळले किंवा धार उशिरा आली, तर जेट तुंबलाय किंवा डायफ्रॅम गेलाय. काढलेला डायफ्रॅम उजेडासमोर धरून ताणा. टाचणीएवढं भोकही पुरेसं असतं.

६. मॉरिस मायनर किंवा एमजीवाल्यांनी तेल बघावं.
त्यांच्या एसयू कार्बोरेटरला असा पंपच नसतो. वरच्या डँपरमधलं तेल पिस्टनला झटकन उचलू देत नाही, त्यामुळे क्षणभर मिश्रण घट्ट होतं. ते तेल संपलं की गाडी हमखास अडखळते. इलाज चमचाभर तेलाचा.

७. टाकीपासून निघा.
काही सेकंदांनी ढेपाळणाऱ्या गाडीत आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. मग फिल्टर, टाकीतला गंज, एसी पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोटची पातळी, याच क्रमाने. पंपातून नुसतं पेट्रोल येऊन भागत नाही, भरपूर यावं लागतं.

८. चोरटी हवा आणि नवं पेट्रोल.
मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा कार्बोरेटरखालची गास्केट हवा ओढत असेल, तर मिश्रण पातळ होतं. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, त्याने यात भर घातली. पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी ते कमी पडतं. शिवाय जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात, चिरतात. पाइप इथेनॉल सोसणारे घ्यावेत. मेन जेट मोठा करायचा तो मात्र बाकी सगळं तपासून झाल्यावरच.

९. एका वेळी एकच गोष्ट बदला.
पॉइंट, प्लग आणि जेट एकाच दुपारी बदलले, तर गाडी सुधारूनही कारण कळत नाही. बदल केला की त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा पाय दाबून बघावा आणि वहीत लिहावं.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर स्पेअर आणि मिस्त्री दोन्ही कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत. आता ही गाडी ओळखणारे हात कमी उरलेत. म्हणून गॅरेजची पायरी चढण्याआधी मालकाने तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: गाडी कधी अडखळते, कोणत्या गिअरमध्ये, आणि गार असताना की तापल्यावर. एवढं सांगितलंत, तर चांगल्या मिस्त्रीचं अर्धं काम झालेलं असतं आणि तुमचा कार्बोरेटर विनाकारण खोलला जात नाही.