बंद घर उघडताना : पहिल्या रात्रीची घाई नको

पैठणची नाथषष्ठी पार पडली, पाडवा तोंडावर आला आणि साखर कारखान्यांचे पट्टे पडू लागले की आमच्या भागात एक काम घरोघर निघते. सहा-सहा महिने कुलूप लावून ठेवलेली घरे उघडण्याचे. कुणी ऊसतोडीहून परत येतो, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला केलेले बिऱ्हाड सुट्टीत गावी आणतो. कुणाची नाथसागराच्या काठी खोली असते. धरणाचे पाणी मागे सरकले की गाळपेरीची राखण आणि मोटारी सरकवण्यासाठी तिथे मुक्काम पडतो. अलीकडे शहरातल्या मंडळींनीही पाण्याकाठी दोन-दोन खोल्या बांधल्या आहेत, तीही याच दिवसांत उघडतात.

घर उघडणे हा काही आरोग्याचा विषय नव्हे, असे वाचकांना वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. पाचोडला दवाखान्यात बसून चैत्र-वैशाखातले पेशंट पाहताना हळूहळू ध्यानात आले की, यातले बरेच जण बंद घरातून आलेले असतात. विंचू, साप, जुलाब, डेंग्यूचा ताप, विहिरीतली गुदमर यांची कारणे निरनिराळी, पण पुष्कळदा मागे तेच असते : घर घाईने उघडले आणि पहिली रात्र तिथेच काढली.

अशीच एक पहाट मी विसरू शकत नाही. साधारण पाच वाजता नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-बाप दारात उभे. काठावरच्या वस्तीचे लोक, पट्टा पडल्यावर आदल्या रात्री ट्रकने आलेले. नातलग पाचोडचे म्हणून मुलाला माझ्याकडे आणले होते. "डॉक्टरसाहेब, लेकराचं पोट लई दुखायलंय," आई म्हणाली. दोन उलट्याही झाल्या होत्या. रात्री वाटेत ढाब्यावर जेवल्याचे कळले. मी पोट तपासले, ताप नव्हता. बाहेरचे खाणे बाधले असे ठरवून इंजेक्शन दिले आणि बाकावर बसवून ठेवले. मूल डोळे मिटून आईला टेकले होते. रात्रभरचा प्रवास, झोप अपुरी, असे मी मनाशी म्हटले. पाऊण तासाने आईच म्हणाली, "साहेब, हा झोपला नाही, ह्याला डोळे उघडंनात."

मी मुलाला हाक मारली. त्याने ओ दिली, पण पापण्या वर जाईनात. आवाज नाकातून येत होता, थुंकी गिळता येत नव्हती. तेव्हा कुठे मी विचारले की, रात्री झोपला कुठे? खोली अंधारात उघडली, जमिनीवरच गोधडी टाकली आणि सगळे ओळीने झोपले, असे उत्तर आले. अंगावर कुठे चावल्याची खूण सापडेना. सूज नाही, रक्त नाही. तो मण्यारीचा दंश होता.

मण्यार हा आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक. नाग, घोणस आणि फुरसे हे उरलेले तीन. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. काही तासांनी पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. या काळात पेशंट शुद्धीवर असतो, फक्त बोलू शकत नाही. म्हणून पहाटे अचानक पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड, अशी जोडी दिसली आणि माणूस जमिनीवर झोपलेला असला, तर साप पाहिला नसला तरी सर्पदंश धरून चालावे. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी त्या दिवशी मी पाऊण तास गमावला. मुलाला सरकारी दवाखान्यात प्रतिविष देऊन पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, तिथे काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवले आणि ते वाचले. श्रेय आईचे. तिने पापण्या पाहिल्या, मी पोट पाहत बसलो.

सर्पदंशाच्या वेळी काय करू नये, हे अनेकदा सांगूनही गावोगाव तेच घडते. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये, मंत्र उतरवण्यात वेळ घालवू नये. हात किंवा पाय चावला असेल तर मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी बांधून तो हलू देऊ नये, माणसाला चालवू नये आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. चारही सापांवर एकच मिश्र प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून बरोबर आणण्याची काहीही गरज नाही. मारायला गेलेलाच दुसरा पेशंट होऊन येतो.

विंचवाचे दुखणे निराळे. बंद घरात तो सरपणाखाली, गोवऱ्यांत, खाटेच्या सुंभात आणि कोपऱ्यात ठेवलेल्या बुटात बसतो. तांबड्या विंचवाच्या दंशाने नुसती आग झाली तर फारसे भय नाही. पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड ही लक्षणे दिसली की विष हृदयापर्यंत पोहोचले असे समजावे. लहान मुलांत हे फार झपाट्याने होते. पूर्वी अशी मुले डोळ्यांदेखत जात. शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात काम करताना या पेशंटांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात त्याची लक्षणे मांडली. पुढे १९८६ मध्ये त्याच साप्ताहिकात त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवला. आज जगभर ती वापरतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्याच्या मातीतल्या माणसाने आपल्याच रानातल्या दुखण्यावर उपाय शोधला, हे आपल्याकडे पुरेसे ठाऊक नाही याची मला खंत वाटते. मात्र ही गोळी घरी ठेवून मनाने देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ती डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायची असते.

आता जे दिसत नाही त्याविषयी. बंद घरात गव्हाची, ज्वारीची पोती असतील तर त्यांत कीड लागू नये म्हणून कुणी गोळ्या टाकल्या होत्या का, हे कुलूप काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारावे. ही अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या दमटपणाने फॉस्फिन नावाचा वायू सोडते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण दरवेळी येईलच असे नाही. त्या खोलीत माणसे झोपली तर मळमळ, छातीत दडपण, धाप सुरू होते आणि यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. ही गोळी सर्वसामान्यांनी घरात वापरावी अशी परवानगीच नाही, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोदामात वापरायची ती वस्तू आहे. तरी ती मिळते आणि शेजाऱ्याने सांगितली म्हणून राहत्या घरात पोत्यांत जाते. धान्याला कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरणे ही आपल्या आजीची रीत अजूनही चांगली आहे.

विहिरीचेही तसेच. चैत्रात पाणी तळाला गेले की गाळ काढायला माणूस उतरवतात. बंद विहिरीत कुजलेल्या पाल्याचा वायू साठतो, प्राणवायू कमी असतो. वरून कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरेच. पण तो जळत राहिला म्हणजे सारे ठीक, असे मात्र नाही, कारण आत डिझेलचे किंवा पेट्रोलचे इंजिन चालवले असेल तर त्याच्या धुरातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही. इंजिन विहिरीत कधीच उतरवू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आधीच बांधलेला असावा आणि वर दोघे-तिघे उभे असावेत. तो खाली पडला तर दोराने ओढावे, मागोमाग कुणी उतरू नये. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशी एकाच घरातली माणसे गेल्याच्या बातम्या याच वर्तमानपत्रात वाचकांनी वाचल्या असतील.

पिण्याच्या पाण्याबाबत एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण चांगले शिकलेले लोकही इथे चुकतात. रांजण किंवा प्लॅस्टिकचा ड्रम सहा महिने कोरडा पडला होता म्हणजे त्यात डास कुठून येणार, असे त्यांना वाटते. डेंग्यूचा डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. आपण नुसते विसळून पाणी भरले की ती फुटतात आणि आठ-दहा दिवसांत घरात डास तयार. म्हणून भांडे काथ्याने किंवा ब्रशाने आतून कडेकडेने घासून, ते पाणी फेकून, उन्हात वाळवावे. टाकीचा तळही तसाच घासावा. मग ब्लिचिंग पावडर. चांगल्या प्रतीची असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण अर्धा ते पाऊण चमचा पुरतो. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि तासभर थांबावे. मागच्या वर्षीची उघडी पुडी वापरू नये, तिचा जोर गेलेला असतो. विहिरीला किती पावडर लागेल हे आरोग्यसेवक मोजून सांगतात, त्यांना बोलवावे.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नयेत. फरशीवर ब्लिचिंगचे पाणी शिंपडून, हातात रबरी मोजे घालून ओल्या फडक्याने पुसाव्यात. उंदीर वायरीही कुरतडतात. पत्र्याच्या खोलीत अशी वायर पत्र्याला टेकली की सगळ्या भिंतीत करंट उतरतो, तेव्हा वायरमनने पाहिल्याशिवाय मेन स्वीच वर करू नये. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचे बटणही दाबायचे नाही.

माझ्या सासऱ्यांची थोडी जमीन नाथसागरात गेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. राहिलेल्या तुकड्यावर दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. पोळ्याला बंद होतात, चैत्रात उघडतात आणि गेली काही वर्षे ते काम माझ्याकडे आहे. आम्ही सकाळी आठला पोहोचतो. पायात बूट, हातात लांब काठी आणि बॅटरी. कुलूप काढून दार काठीने ढकलायचे आणि बाजूला उभे राहायचे. खिडक्या उघडल्या की चांगला तासभर बाहेर लिंबाखाली बसतो, चहा तिथेच होतो. मग गोधड्या, खाट, सरपण एकेक करून काठीने हलवत उन्हात काढतो. अंधाऱ्या फळीवर हात घालायचा नाही असा मुलांना सक्त हुकूम असतो. मोरीच्या भोकाला जाळी, भिंतीच्या फटींना सिमेंट, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावतो. सगळे उरकायला दुपारचे चार वाजतात.

आणि संध्याकाळी आम्ही कुलूप लावून पाचोडला परत येतो. सासूबाईंना हे पटत नाही, इतक्या लांब येऊन देवाजवळ दिवा लावला आणि रात्री माणूस नाही, हे काय, असे त्या दरवर्षी म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा कोपरे तपासून मगच मुक्काम करतो. तोही खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून, उशाशी बॅटरी ठेवून. ज्यांच्याकडे खाटा नाहीत त्यांनी मच्छरदाणी तरी घ्यावी. ती सतरंजीखाली नीट खोचली तर मण्यारीला आत वाट राहत नाही. परगावाहून रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांनी ती एक रात्र शेजाऱ्याच्या ओट्यावर, मंदिरात किंवा नातलगाकडे काढावी आणि कुलूप सकाळी काढावे.