घडीच्या चाकूचा सांधा : एक अभ्यास

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत चीवर व पात्र यांच्याबरोबर वस्तराही गणला जातो. धारेची वस्तू त्याज्य नाही. मात्र ती नीट राखणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य ठरते. याच दृष्टीने आम्ही येथे घडीच्या चाकूच्या सांध्याचा विचार मांडीत आहोत. इस्लापूर परिसरातील घरांत असाच सांधा घडीच्या विळीत व अडकित्त्यातही आढळतो.

घडीच्या चाकूचे पाते एका खिळीभोवती फिरते. जुन्या पद्धतीत ही खीळ दोन्ही टोकांना ठोकून पक्की केलेली असते. नव्या पद्धतीत स्क्रू असतो व तो कमीअधिक आवळता येतो. पाते आणि मूठ यांच्यामध्ये पितळेच्या किंवा कांस्याच्या पातळ चकत्या, म्हणजेच वायसर, बसवितात. त्यांनी घर्षण घटते आणि पात्याला दोन्ही अंगांनी आधार मिळतो.

उघडलेले पाते डुगडुगू लागल्यास प्रथम दिशा पाहावी. ते डावीकडे-उजवीकडे हलत असेल, तर खीळ सैल झालेली असते किंवा चकत्या झिजलेल्या असतात. वर-खाली हलत असेल, तर दोष बहुधा पाते अडविणाऱ्या खटक्यात किंवा मोठ्या झालेल्या छिद्रात असतो. तेथे स्क्रू आवळून उपयोग होत नाही. खीळ आणि खटका यांची कामे वेगळी आहेत. फ्रान्समधील ओपिनेल चाकू १८९० पासून बनतो. पाते अडकविणारे फिरते कडे त्याला १९५५ मध्ये लाभले.

सांध्यातील अल्प पोकळीही टोकाशी वाढते. चकतीचा व्यास १० मि.मी. व पोकळी ०.१ मि.मी. धरली, तर खिळीपासून १०० मि.मी.वरील टोक एका बाजूस सुमारे १ मि.मी. कलते. चकती ५ मि.मी.ची असल्यास तेच टोक २ मि.मी. कलते. म्हणून रुंद चकतीचा सांधा अधिक स्थिर असतो.

मग खीळ किती आवळावी? तार फार ताणली वा फार सैल सोडली, तर वीणा वाजत नाही, हा तथागतांनी सोण स्थविरांना दिलेला दाखला अंगुत्तर निकायात आहे. येथेही तोच मध्यम मार्ग लागू पडतो. स्क्रू थोडा थोडा फिरवावा, तेलाचा एक थेंब सोडावा, आणि पाते न डुगडुगता सहज मिटू लागले की थांबावे.

खटका धरत नसलेला चाकू मुलांच्या हाती देऊ नये. तो मिटला, तर बोटांवरच मिटतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एकच विळी अनेक हात वापरतात. तेथे ही तपासणी नियमाने व्हावी, असे आम्हांस वाटते.