पडद्यावरचे महादजी आणि कागदांतले महादजी

इतिहासातील थोर पुरुषांच्या जीवनावरील दूरदर्शन-मालिका हे आता अनेक विद्यार्थ्यांचे इतिहासाचे पहिले पाठ्यपुस्तक झाले आहे. हे इष्ट की अनिष्ट, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. मालिका पाहिली जाणारच. तेव्हा ती कशी पाहावी, आणि पाहून झाल्यावर काय तपासावे, एवढाच अभ्यासाचा प्रश्न उरतो. त्यासाठी प्रस्तुत लेखात दोन मालिका शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

पहिली आपल्या घरची. १९९४ मध्ये संजय खान यांनी ‘द ग्रेट मराठा’ ही महादजी शिंदे यांच्या जीवनावरील हिंदी मालिका दूरदर्शनवर आणली. महादजींचे काम शाहबाज खान यांनी केले, तर नजीबउद्दौल्याच्या भूमिकेत इरफान खान होते. दुसरी अमेरिकेची. तेथील स्वातंत्र्ययुद्धातील मुत्सद्दी आणि पुढे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांच्या घराण्यावर १९७६ मध्ये तेरा भागांची एक मालिका झाली होती. २००८ मध्ये एचबीओ वाहिनीने डेव्हिड मॅकलो यांच्या चरित्रग्रंथावरून सात भागांची नवी मालिका काढली.

एकाच काळातले दोन मुत्सद्दी

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा, ॲडम्स यांचा १७३५ चा. दोघे कधी भेटले नाहीत. परंतु दोघांचा प्रतिस्पर्धी एकच होता. १७७५ मध्ये अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. तेथे महादजींचा वाटा मोठा होता. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून आपला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला.

आणि मग दोन तह. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस असलेल्या सालबाई या गावी महादजींच्या मध्यस्थीने इंग्रज आणि पुणे दरबार यांचा तह झाला. ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला अमेरिकेच्या वतीने फ्रँकलिन, ॲडम्स आणि जे यांनी सह्या केल्या. एका तहाने एक नवे राष्ट्र मान्य झाले. दुसऱ्याने मराठ्यांना इंग्रजांशी सुमारे वीस वर्षे शांतता मिळाली, आणि महादजींना उत्तरेकडे वळण्याची मोकळीक. १७८३ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरचा किल्लाही परत घेतला. सालबाईचे नाव आपण परीक्षेपुरते पाठ करतो. जगाच्या नकाशावर ते पॅरिसच्या शेजारी ठेवून पाहत नाही.

साधने कोणती, हा पहिला प्रश्न

चरित्रात्मक मालिकेचा लेखक संवाद कोठून आणतो? ॲडम्स आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. शिवाय ॲडम्स यांची रोजनिशी आहे. १७८५ मध्ये ते राजा तिसऱ्या जॉर्जपुढे अमेरिकेचे पहिले वकील म्हणून उभे राहिले, तेव्हा काय बोलणे झाले याचा वृत्तान्त त्यांनी स्वतःच लिहून पाठवला. त्यामुळे त्या घरातला राग, लोभ, विरह हे सारे लेखकाला आयते मिळाले.

महादजींविषयी कागद कमी नाहीत, पण ते वेगळ्या जातीचे आहेत. मोडीतील राजकीय पत्रे, दिल्लीहून पुण्यास वकिलांनी पाठवलेली बातमीपत्रे, फारसी अखबार, आणि इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार. यांपैकी बरेच छापले गेले आहे. जदुनाथ सरकारांनी संपादिलेला पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा पहिला खंड १९३६ मध्ये निघाला, तो महादजींवरच आहे. रियासतकार सरदेसाई यांनी संपादिलेला महादजींविषयक पत्रांचा संग्रह १९३७ मध्ये खुद्द ग्वाल्हेरला छापला गेला. या कागदांत फौज, पैसा, तह, थकलेल्या तनखा, दरबारातले मानापमान भरपूर सापडतात. परंतु पानिपतावरून परतलेल्या जखमी तरुणाला रात्री काय वाटले असेल, हे त्यांत क्वचितच सापडते. ती जागा मालिकेच्या लेखकाला कल्पनेने भरावी लागते.

यात लेखकाचा दोष नाही. दोष होतो तो प्रेक्षकाने कल्पनेला पुरावा मानल्यावर.

भरपूर कागद असूनही फेरफार होतो

साधने विपुल असली म्हणजे मालिका बिनचूक होते, असेही नाही. १७७० मध्ये बोस्टन येथे इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. लोकक्षोभाची पर्वा न करता ॲडम्स यांनी त्या शिपायांचे वकीलपत्र घेतले. २००८ च्या मालिकेत कप्तान आणि शिपाई यांचा एकच खटला दिसतो आणि सारे निर्दोष सुटतात. प्रत्यक्षात कप्तानाचा खटला वेगळा चालला होता आणि शिपायांचा वेगळा. आठ शिपायांपैकी सहा सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले.

फरक लहान वाटतो, पण तो नेमका कोणत्या दिशेने झाला ते पाहा. नायकाचा विजय पूर्ण व्हावा, या दिशेने. मालिका पाहताना ही दिशा ओळखता आली पाहिजे. जेथे प्रसंग नायकाला अधिक उंच, अधिक निष्कलंक किंवा अधिक एकाकी करतो, तेथे थांबून कागद काढावा.

जोड्यांची गोष्ट

आता हीच कसोटी आपल्या नायकाला लावू. १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले आणि बादशहाने पेशव्यांना दिलेल्या वकील-इ-मुत्लक पदाच्या वस्त्रांचा मोठा समारंभ झाला. त्या वेळी महादजी सर्वांच्या खाली बसले, काखेतून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले आणि हेच आपले वडिलोपार्जित काम, असे म्हणाले, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोणत्याही दिग्दर्शकाला मोह पडावा, असाच प्रसंग.

पण विद्यार्थ्याने विचारावे: हे कोणी लिहिले, आणि केव्हा? ही कथा सर जॉन माल्कम यांच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात आहे. तो ग्रंथ १८२३ चा, म्हणजे दरबारानंतर सुमारे तीस वर्षांनी प्रसिद्ध झालेला. एवढ्याने कथा खोटी ठरत नाही. समकालीन पत्रांत ती आढळते का, हे पाहिल्याशिवाय मात्र ती खरीही ठरत नाही. शिवाय कथा खरी धरली तरी तिचा अर्थ काय? मनापासूनची नम्रता, की नाना फडणीसांच्या दरबारात स्वतःचे स्थान राखण्याचा डाव? स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेण्यात धन्यता मानणारा हा पुरुष त्या वेळी दिल्लीचा प्रत्यक्ष सूत्रधार होता. कॅमेऱ्याला दोनपैकी एक अर्थ निवडावा लागतो. अभ्यासकाला दोन्ही उघडे ठेवता येतात.

उलट काही गोष्टी नाटकी वाटतात, पण त्यांना चांगला आधार आहे. पानिपतावर महादजींच्या पायाला कायमची दुखापत झाली. त्यांना वाचवणारा राणेखान हा पाणी वाहणारा भिस्ती होता. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले आणि तो त्यांचा मोठा सेनानी झाला. तेव्हा प्रसंग नाट्यपूर्ण आहे म्हणून खोटा, असे म्हणणे हीही चूकच.

सालबाई, दुसऱ्या तीरावरून

या अंकाचे वाचक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांचे आहेत, म्हणून एक मुद्दा आवर्जून मांडतो. १७८० पासून हैदरअली इंग्रजांविरुद्ध पुणे दरबाराच्या बाजूने लढत होता. सालबाईच्या तहात मात्र असे कलम आले की, हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नवाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा आणि पेशव्यांनी त्याला ते करायला लावावे. नानांनी अनेक महिने तह मंजूर केला नाही. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारल्यावर तो प्रश्न मागे पडला. ग्वाल्हेरहून पाहिले तर सालबाई ही महादजींच्या मुत्सद्देगिरीची शिकस्त. श्रीरंगपट्टणहून पाहिले तर भर लढाईत मित्राने सोडलेली साथ. दोन्ही म्हणणी कागदाला धरून आहेत.

संजय खान यांची आधीची मालिका टिपू सुलतानावर होती. ती भगवान गिडवानी यांच्या कादंबरीवर आधारलेली. तिच्या खरेपणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि ही कल्पित कृती आहे, अशी सूचना मालिकेबरोबर द्यावी लागली. गंमत अशी की, त्या मालिकेत हैदरअली झालेले शाहबाज खानच पुढे महादजी झाले. नटाला एका वर्षी म्हैसूरच्या बाजूने आणि काही वर्षांनी शिंद्यांच्या बाजूने तितक्याच तळमळीने बोलता येते. प्रेक्षक मात्र आपापल्या प्रांताच्या मालिकेपुरताच रडतो आणि शेजारच्या प्रांताच्या नायकाला खलनायक समजून उठतो. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याकडून याहून अधिक अपेक्षा आहे.

पाहताना जवळ ठेवायचे चार प्रश्न

१. हा प्रसंग समकालीन कागदात आहे, नंतरच्या ग्रंथात आहे, की कादंबरीत आहे?

२. संवाद पत्रांतून आला आहे, की लेखकाने रचला आहे?

३. केलेला बदल सोयीसाठी आहे, की नायकाला मोठे करण्यासाठी?

४. याच घटनेची हकीकत दुसऱ्या पक्षाने कशी सांगितली असती?

ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला आणखी एक सोय आहे. किल्ला समोर आहे, सालबाई याच जिल्ह्यात आहे. लष्कर वसवले ते महादजींनी नव्हे, तर त्यांच्या मागून आलेल्या दौलतरावांनी, हेही येथे राहणाऱ्याला ठाऊक असावे. महादजींचा मुक्काम बहुतेक काळ छावणीतच असे, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी त्यांनी देह ठेवला तो पुण्याजवळ वानवडीला. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. मालिकेचा एक भाग पाहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ रोज दिला तर काही महिन्यांत मोडी लिपी वाचता येऊ लागते. मग पडद्यावरचे महादजी काय बोलले, याची शहानिशा करायला दुसऱ्या कोणाकडे जावे लागणार नाही.